१९३१ साली न झालेली युरोव्हिजन

युरोव्हिजन, म्हणजे युरोपातल्या देशांची गाण्यांची स्पर्धा, पहिल्यांदा झाली ती २४ मे १९५६ ला, स्वित्झर्लंडमधल्या लुगानोत. सात देश, प्रत्येकाची दोन-दोन गाणी, आणि जिंकलं यजमान स्वित्झर्लंडच. हे आता कुठेही वाचायला मिळतं. माझ्या डोक्यात हल्ली जे घोळतंय ते वेगळं आहे, की हीच स्पर्धा पंचवीस वर्षं आधी का नाही झाली? म्हणजे पहिलं महायुद्ध संपलंय, दुसरं अजून व्हायचंय, त्या मधल्या वीसेक वर्षांत. कारण जसजशी वाचत गेले तसं दिसायला लागलं की लागणारं सगळं सामान तेव्हा तयार होतं. देशोदेशी रेडिओ स्टेशनं होती, त्यांना एकत्र बांधणारी संस्था होती, स्टेशनाला स्टेशन जोडणाऱ्या तारा होत्या, आणि गाणी तर अशी होती की आज नव्वद-पंच्याण्णव वर्षांनी मोबाइलवर ऐकताना पण हातातलं काम थांबतं.

आधी संस्थेचं सांगते, कारण हे फार कमी लोकांना माहीत असतं. १९२५ साली जिनिव्हात युरोपातल्या रेडिओ स्टेशनांनी मिळून एक आंतरराष्ट्रीय संघ काढला, फ्रेंच नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला यूआयआर म्हणायचे. सेक्रेटरी होते आर्थर बरोज, म्हणजे १९२२ साली बीबीसीच्या पहिल्या बातम्या ज्यांनी वाचल्या तेच. संघ काढायचं कारण गाणंबिणं काही नव्हतं, भांडण होतं. स्टेशनं भराभर उघडत होती, ज्याला जी रेडिओलहर आवडेल ती तो घेत होता, आणि रात्री रेडिओ लावला की दोन-तीन देश एकमेकांच्या अंगावर, वर शिट्ट्या. मग १९२६ ला जिनिव्हात बसून लहरी वाटून घेतल्या, कुणी कुठली वापरायची ते ठरवलं, आणि ब्रुसेल्सला एक केंद्र काढलं जिथे माणसं रात्रभर बसून कुठलं स्टेशन आपल्या जागेवरून घसरलंय ते मोजायची. मला हे फार आवडतं. ज्या देशांनी सात-आठ वर्षांपूर्वी एकमेकांची पोरं खंदकात मारली ते देश आता एका टेबलाशी बसून तू इथे वाज, मी तिथे वाजतो असं ठरवतायत, आणि बऱ्यापैकी पाळतायत पण.

म्हणजे स्पर्धा भरवायला यजमान आहे. मग साल कुठलं? मी बरीच उलटसुलट करून १९३१ वर आले. १९२६-२७ ला घेतली तर तारांचं जाळं पुरेसं नाही, कित्येक स्टेशनं नवीन आणि अशक्त. १९३३ नंतर घ्यायचं कारणच उरत नाही, त्याबद्दल पुढे लिहिते. १९३१ मात्र बरोब्बर मधलं आहे. त्या वर्षी स्वित्झर्लंडचं सोटेन्सचं मोठं केंद्र सुरू झालं, पोलंडने वॉर्सॉजवळ राशिन इथे युरोपातल्या सर्वात ताकदवान केंद्रांपैकी एक उभं केलं, स्पेनमध्ये १४ एप्रिलला राजा जाऊन प्रजासत्ताक आलं. मी स्पर्धा मे महिन्यात ठेवलीय. आता त्याच मे महिन्यात, ११ तारखेला, व्हिएन्नातली क्रेडिट-आनश्टाल्ट नावाची प्रचंड मोठी बँक बुडाल्याचं जाहीर झालं आणि युरोपभर पैशाची पडझड सुरू झाली, म्हणजे गाणाऱ्यांच्या आणि ऐकणाऱ्यांच्या दोघांच्याही पोटात गोळा आलेला असणार. तरी चालेल. गाणं काय पोट भरलेलं असतानाच ऐकतात असं नाही, आमच्याकडे तर शेती बुडाली त्या वर्षीही जत्रा झाल्यात.

आता स्टेज डोळ्यासमोर आणू नका. लाइट नाहीत, ड्रेस नाहीत, धूर नाही. जिनिव्हाच्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये, जो १८९४ चा आहे आणि अजून उभा आहे, तिथे फक्त निवेदक, तारेवरचा माणूस, आणि बसायला आलेले लोक. गाणारे आपापल्या देशात, आपापल्या स्टुडिओत. बुडापेस्टचं गाणं बुडापेस्टहून तारेने येणार, ते जिनिव्हात घेतलं जाणार आणि तिथून परत सगळ्यांना दिलं जाणार. हे काही मी हवेत बोलत नाहीये, बर्लिन, व्हिएन्ना, प्राग, वॉर्सॉ ही स्टेशनं तोवर एकमेकांचे कार्यक्रम तारेवरून घेऊन लावायला लागली होती. अडचण एवढीच की साध्या टेलिफोनच्या तारेतून माणसाचं बोलणं नीट कळतं पण गाणं अर्धं मरतं. व्हायोलिनचा वरचा चकाकणारा भाग कापला जातो, खालचा घुमार कापला जातो, मधलंच तेवढं पोचतं. म्हणून संगीतासाठी केबलमधल्या वेगळ्या जोड्या ठेवाव्या लागायच्या, मधेमधे अ‍ॅम्प्लिफायर, आणि प्रत्येक सरहद्दीवर त्या-त्या देशाचं टेलिफोन खातं. म्हणजे लिस्बन किंवा बुखारेस्टसारख्या टोकाच्या स्टेशनाला खरोखर तोटा होता, त्यांचा आवाज जास्त हात बदलत यायचा. हे लक्षात ठेवा, कारण माझ्या निकालात त्याचा संबंध आहे.

आणि यातूनच आवाजाची निवड ठरते. १९२५ पासून विजेवरचं रेकॉर्डिंग सुरू झालं, मायक्रोफोन आला. त्याआधी गाणाऱ्याने कर्ण्यात तोंड घालून ओरडायचं, तेव्हा कुठे मेणावर रेघ उमटायची. आता हळू गाता यायला लागलं. पॅरिसची ल्युसिएन बोयेर १९३० साली अशी गायली जशी शेजारी बसून कुणी कानात बोलतंय, आणि त्या तबकडीला १९३१ ला फ्रान्समधलं तबकड्यांचं मोठं बक्षीस पण मिळालं. इंग्लंडकडे अ‍ॅल बोली होता, त्याची तर सगळी कमाई मायक्रोफोनवरच. मजा बघा, इंग्लंडचा हा लाडका आवाज जन्मला मोझांबिकमध्ये, वाढला दक्षिण आफ्रिकेत, बाप ग्रीक आणि आई लेबनॉनची.

गाणं तीन मिनिटांचं, हा नियम मी आजच्या युरोव्हिजनवरून नाही उचलला. तेव्हाची दहा इंची तबकडी एका बाजूला साधारण तेवढीच वाजायची, ७८ च्या स्पीडला, आणि अख्ख्या जगाचं गाणं त्यात बसवून घेतलं होतं लोकांनी. आमच्या आजोळी चावीचा फोनो होता. आता वाजत नाही, साउंडबॉक्सचा पडदा गेलाय, पण सगळं जागेवर आहे. चावी भरायची, तबकडी फिरायला लागली की मग हळूच डोकं खाली टेकवायचं, आणि सुई दर बाजूला नवीन. पोलादी सुई एक बाजू वाजवली की बोथट होते आणि मग तबकडीची चर खरवडते. आमच्याकडची हवा दमट, त्यामुळे सुयांची पत्र्याची डबी तांदळात खुपसून ठेवलेली असायची म्हणे, नाहीतर एका पावसाळ्यात गंज. मुंबईहून आगबोटीने चाकरमानी गणपतीला येताना तबकड्या आणायचे, गोधडीत गुंडाळून, वेंगुर्ल्याच्या बंदरात होडीतून उतरवताना सगळ्यांचा जीव त्या गाठोड्यात. युरोपातलं गाणं कोकणात पोचायची वाट तेव्हा हीच. रेडिओ मुंबईत २३ जुलै १९२७ ला सुरू झाला खरा, पण इकडे खाली कुणाकडे होता?

परीक्षक कोण, हा सगळ्यात अवघड भाग. मोठमोठी नावं बसवावीत असं कुणालाही वाटेल, पण त्याचा अनुभव युरोपने घेतला होता. तेव्हा ऑलिम्पिकमध्ये संगीताला पण पदकं असायची, हो, धावणं-पोहणं आणि संगीत. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकला संगीताच्या परीक्षकांत स्ट्राविन्स्की होते, राव्हेल होते, बार्टोक होते, अजून कितीतरी, आणि त्या सगळ्यांनी मिळून एकालाही पदक दिलं नाही. मोठ्या माणसांना बसवलं की असं होतं.

यावर मी माझ्या मामेभावाशी बरंच बोलले, कारण तो डबलबारीला पखवाज वाजवतो आणि सामना कसा लागतो हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, डबलबारी म्हणजे दोन भजनी बुवा समोरासमोर, एकाची बारी संपली की दुसऱ्याची, अभंग, गौळण, गजर, आणि समोरच्याने टाकलेल्या प्रश्नाला गाण्यातूनच उत्तर. रात्री सुरू झालं की पहाट होते. त्याचं पहिलं वाक्य होतं, "काय गो, पण इंग्लंडवालो जर्मनीक मार्क देतलो काय?" मी म्हटलं हाच तर प्रश्न आहे. तो म्हणाला, "मगे गाणाऱ्यांका आणि मंत्र्यांका इचारू नको. आयकणाऱ्यांका इचार. सकाळी चायच्या टपरीवर जा काय ता सगळ्यांका म्हायत असता, कोण जिंकलो तो." पटलं मला. डबलबारीत समोरच्या गावचा बुवा चांगला गायला तर आपल्याच गावचे लोक त्याला दाद देतात, शिव्या देत देत देतात पण देतात. माझ्या नियमात मग प्रत्येक स्टेशनाने दहा साधे श्रोते बोलवायचे, रेडिओची लायसन फी भरणारे, शिक्षक, टपालातली बाई, बेकरीवाला, कुणीही. त्यांनी स्टुडिओत बसून ऐकायचं, आपल्या देशाला मत द्यायचं नाही, आणि आकडे तारेने जिनिव्हाला. निकाल त्याच रात्री सगळ्यांसमोर वाचायचा. १९५६ ला लुगानोत हे काहीच झालं नव्हतं, दोन-दोन परीक्षक बंद खोलीत बसले, स्वतःच्या देशाला मत द्यायची पण मुभा होती, आणि मतांचे आकडे आजपर्यंत बाहेर आले नाहीत.

पण १९३१ चा नकाशा घेऊन बसलं की कळतं ते आकडे यायचे पण सोपे नाहीत. लिथुआनियाचं उदाहरण घ्या. कौनासला १९२६ पासून रेडिओ होता. पण विल्नियस पोलंडने १९२० ला घेतलं तेव्हापासून दोन्ही देशांचे संबंधच बंद, वकिलात नाही, टपाल नाही, सरहद्दीवरून रेल्वे नाही, आणि हे १९३८ च्या मार्चपर्यंत चाललं. म्हणजे कौनासमधल्या दहा माणसांना वॉर्सॉचं गाणं आवडलं तर ते आकडे पोलंडला वळसा घालून जाणार, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात त्या दहा जणांचं काय होणार? हंगेरीचं तसंच. १९२० च्या त्रियानोंच्या तहात हंगेरीचा दोन तृतीयांश मुलूख गेला, त्यातला ट्रान्सिल्व्हेनिया रुमानियाला. हंगेरीतल्या शाळेत पोरं रोज सकाळी तो मुलूख परत मागणारी प्रार्थना म्हणायची. त्या बुडापेस्टने बुखारेस्टला मार्क द्यायचे. मला मनापासून वाटतं की काहींनी दिले असते. बंद खोलीत ऐकताना माणूस गाण्यालाच मत देतो, नकाशाची आठवण नंतर येते.

गाणाऱ्यांची यादी करायला बसले तेव्हा रात्र गेली माझी. मे महिना, आंब्याच्या पेट्या पडवीत, लाइट गेलेली, मोबाइलला थोडीशी बॅटरी, आणि मी हेडफोन लावून एकामागून एक जुन्या तबकड्या ऐकतेय. बर्लिनकडून पाठवायला कॉमेडियन हार्मोनिस्ट्स, पाच आवाज आणि एक पियानो, आवाजानेच बँडची वाद्यं काढायचे, आणि पाचही जणांचा श्वास एकत्र पडायचा. व्हिएन्नाकडून रिचर्ड टाउबर. प्रागकडून कारेल हाश्लर, जुन्या प्रागच्या गल्ल्यांवर गाणी करणारा. पॅरिसला जोसेफिन बेकर पाठवावी असं फार वाटत होतं, पण ती अमेरिकेची, फ्रेंच नागरिक १९३७ ला झाली, म्हणून बोयेर.

आणि वॉर्सॉ. वॉर्सॉबद्दल मी तासभर बोलू शकते. तिथे त्या काळात टँगो चालायचा, अर्जेंटिनाचा टँगो पॅरिसमार्गे आला आणि वॉर्सॉत येऊन त्याचं काहीतरी वेगळंच झालं, चाल तीच पण सुरात सिनेगॉगमधली, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनेतली, कळ उतरली. येझी पेटेर्सबुर्स्की नावाच्या संगीतकाराने आणि आंद्झेय व्लास्त नावाच्या गीतकाराने १९२९ ला 'टँगो मिलोंगा' केलं, ते बघता बघता जर्मन-फ्रेंचमध्ये गेलं. याच पेटेर्सबुर्स्कीचं १९३५ चं एक गाणं, शेवटच्या रविवारबद्दलचं, मिएचिस्वाव फोग्गने गायलेलं, सोव्हिएत रशियात वेगळे शब्द घालून घराघरात पोचलं, इतकं की कित्येक रशियनांना ते आपलंच वाटतं. स्पर्धा न होता गाणी सरहद्दी ओलांडतच होती, पासपोर्ट नव्हता एवढंच.

पण माझी खरी निवड वेगळी आहे. योसेफ श्मिट. जन्म १९०४, बुकोव्हिनातल्या दाविदेनी गावी. तेव्हा ते ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात, पहिल्या महायुद्धानंतर रुमानियात, आज युक्रेनमध्ये. चेर्नोवित्सच्या सिनेगॉगमध्ये गायला, मग बर्लिनला शिकला. आवाज ऑपेराचा, वर जाताना कुठेही जोर न लावता जाणारा. उंची जेमतेम दीड मीटर. ऑपेराच्या स्टेजवर नायिकेच्या शेजारी उभा करायला कुणी तयार नाही. मग १९२९ ला बर्लिन रेडिओने घेतला, आणि रेडिओत उंची दिसत नाही. माइकपुढे उभा राहून त्याने डझनावारी ऑपेरा गायले, देशभर पत्रांचा पाऊस. ज्या स्पर्धेत फक्त आवाज पोचतो ती स्पर्धा याच माणसासाठी होती असं मला वाटतं, आणि म्हणूनच ती झाली नाही याचं इतकं वाईट वाटतं.

त्याला कुणी पाठवायचं यावर तीन स्टेशनं भांडली असती. बर्लिन म्हणणार आम्ही घडवला, व्हिएन्ना म्हणणार जन्मला तेव्हा आमचा होता, बुखारेस्ट म्हणणार गाव आज आमच्याकडे आहे. मी बुखारेस्टला देते. तिथला रेडिओ १९२८ च्या नोव्हेंबरात सुरू झालेला, नवीन, आणि तार सर्वात लांब.

हे भांडण मला परकं वाटत नाही, कारण असाच एक माणूस आपल्या बाजूला आहे. मास्टर दीनानाथ मंगेशकर. जन्म १९००, गोव्यात मंगेशीला. म्हणजे वेंगुर्ल्याहून बघितलं तर तेरेखोलच्या पलीकडे, पण तेव्हा कागदावर पोर्तुगाल. नाटक कंपनी मराठी मुलखात, प्रेक्षक मराठी, जन्म पोर्तुगीज राज्यात. त्याला लिस्बनने पाठवायचं की दिल्लीने? आणि दिल्लीचा हक्क होता बरं का, भारत ब्रिटिशांच्या ताब्यात असूनही राष्ट्रसंघाचा, म्हणजे तेव्हाच्या लीग ऑफ नेशन्सचा, संस्थापक सदस्य होता. केसरबाई केरकर केरीच्या, मोगूबाई कुर्डीकर कुर्डीच्या, त्यांचंही तेच, सगळ्या गोव्याच्या, सगळ्या त्या हिशोबाने पोर्तुगालच्या. लिस्बनने यांच्यापैकी कुणाला पाठवलं असतं असं मला वाटत नाही. तिथे १९२६ पासून हुकूमशाही, आणि सरकारी रेडिओ १९३५ ला निघाला. फार तर मांडो, म्हणजे गोव्यातलं कोंकणी गाणं, पाठवला असता, व्हायोलिन आणि घुमट घेऊन, आणि तोही कमी नाही. घुमट म्हणजे तेच मातीचं मडकं, एका तोंडाला पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं, गणपतीच्या आरतीला आमच्याकडे वाजतं तेच. त्या टेलिफोनच्या तारेतून त्याचा घुमार पोचला नसता हीच एक खंत.

दीनानाथांना थेट गाता पण आलं नसतं. इंग्लंड आणि भारतामध्ये रेडिओ-टेलिफोन १९३३ ला सुरू झाला, समुद्राखालची तार होती ती फक्त कट्ट-कडकट्ट टेलिग्रामची. म्हणून मी एक पोटनियम केलाय, ज्यांच्यापर्यंत संगीताची तार नाही त्यांनी तबकडी पाठवायची, बोटीने. तीन मिनिटांत दीनानाथ काय करतात हे ज्यांनी त्यांच्या तबकड्या ऐकल्यात त्यांना सांगायला नको. पहिल्या दहा सेकंदांत तान अंगावर येते, प्रस्तावना नाही काही नाही. जिनिव्हातला तो तारेवरचा माणूस सुई बदलून ती तबकडी लावतोय आणि कौनासची टपालातली बाई ते ऐकतेय, हे मला अगदी स्पष्ट दिसतं. युरोपात रात्रीचे नऊ, आपल्याकडे स्टँडर्ड टाइमाने दीड वाजलेला.

१९३२ ची स्पर्धा पण झाली असती कदाचित. १९३३ ला मोडली असती, याबद्दल मला शंका नाही. ३० जानेवारीला हिटलर चॅन्सेलर झाला, मार्चमध्ये गोबेल्सचं प्रचार खातं निघालं आणि रेडिओ त्याच्या हातात. त्या वर्षी स्वस्तातला लोकांचा रेडिओ काढला, ७६ मार्कांचा, त्याचा मॉडेल नंबरच ३०१, म्हणजे ३० जानेवारी. ९ मे १९३३ ला बर्लिनमध्ये योसेफ श्मिटचा सिनेमा लागला, नावच 'एक गाणं जगभर फिरतं', थिएटर तुडुंब. दुसऱ्या दिवशी, १० मे ला, त्याच शहरात चौकात पुस्तकं जाळली. ज्याचं गाणं रस्त्यावर लोक गुणगुणत होते त्याला रेडिओत पाऊल टाकायची बंदी, ज्यू म्हणून. ऑक्टोबरमध्ये जर्मनीने राष्ट्रसंघ सोडला. कॉमेडियन हार्मोनिस्ट्समधले तिघं ज्यू, १९३५ पर्यंत ग्रुपचे दोन तुकडे. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकला संगीताची पदकं यावेळी भरपूर वाटली गेली, गायनाच्या रचनेत सोनं, रुपं, कांस्य तिन्ही जर्मनीला. कसली स्पर्धा ती. त्याच वर्षी सप्टेंबरात जिनिव्हात देशांनी करार केला की रेडिओ शांततेसाठीच वापरू, दुसऱ्याविरुद्ध चिथावणी देणार नाही, आणि ज्यांनी सही करायला हवी होती त्या जर्मनी, इटली, जपानची सही नाही. आणि ३१ ऑगस्ट १९३९ ला पोलंडवर हल्ल्याचं निमित्त म्हणून नाझींनी कुठे नाटक घडवलं? ग्लायवित्सच्या रेडिओ स्टेशनात. पोलिश असल्याचं सोंग घेऊन आपलंच स्टेशन घेतलं आणि माइकवरून बोलले. ज्या माइकसमोर मी मनातल्या मनात गाणारे उभे करतेय तसल्याच माइकवर.

मग माझ्या यादीतल्या लोकांचं काय झालं ते शोधलं. टाउबरच्या सर्वात गाजलेल्या गाण्यांचे शब्द लिहिणारे फ्रित्स ल्योनर-बेडा, नाझींच्या आउश्वित्स छळछावणीत गेले, १९४२. प्रागचा हाश्लर, माउटहाउझेनच्या छावणीत, १९४१. आंद्झेय व्लास्त वॉर्सॉच्या घेट्टोतून वाचले नाहीत. वॉर्सॉचा आणखी एक टँगोवाला, आर्तुर गोल्ड, त्याला त्रेब्लिंकाच्या छावणीत कैद्यांचा ऑर्केस्ट्रा वाजवायला लावला आणि तिथेच मारलं. अ‍ॅल बोली १९४१ ला लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात. पेटेर्सबुर्स्की वाचला. श्मिट फ्रान्समधून पळत पळत १९४२ च्या ऑक्टोबरात स्वित्झर्लंडमध्ये शिरला, तिथे निर्वासितांच्या छावणीत टाकला, झुरिकजवळ गीरेनबादला. छातीत दुखतंय म्हणत होता, इस्पितळाने परत पाठवला. १६ नोव्हेंबरला गेला, अडतीस वर्षांचा. ज्या देशाच्या हॉलमधून मी त्याचा आवाज युरोपभर पोचवत होते त्याच देशात. आणि दीनानाथ त्याच वर्षी, २४ एप्रिल १९४२ ला पुण्यात गेले, एकेचाळिसाव्या वर्षी. एकाला दुसऱ्याचं नाव सुद्धा माहीत असायचं कारण नाही. माझ्या मे १९३१ च्या रात्री मात्र दोघं एकाच कार्यक्रमात आहेत, बुखारेस्ट आणि मागोमाग तबकडी, आणि दोघांचेही आवाज चांगले आहेत.

निकाल सांगते. पहिला बुखारेस्ट, श्मिट. तार सर्वात लांब असून, कारण त्याच्या आवाजाचा जो मधला भाग आहे तो कुठल्याही तारेत मरत नाही. दुसरी वॉर्सॉ, कौनासच्या चार मतांसकट, ती चार मतं मी हट्टाने घातलीत. तिसरे कॉमेडियन हार्मोनिस्ट्स. दीनानाथ चौथे, तबकडीवर घासण्याचा आवाज नसता तर वर गेले असते. पॅरिस पाचवं. मामेभावाला हा निकाल मान्य नाही, त्याचं म्हणणं बुडापेस्टला मी विसरलेच आणि पॅरिसवाली पहिली यायला हवी, "त्या बाईन आवाज चढवल्यानच नाय आणि तरी धरून ठेवल्यान." त्याने तिचं गाणं आता पखवाजच्या ग्रुपवर टाकलंय आणि तिथे वेगळंच मतदान चालू आहे.